गळक्या फियाटची बखर

तर झालं असं की, मे महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून वाशिमला घरी गेलो आणि पहिल्याच सकाळी बाबांच्या फियाटखाली पुठ्ठा दिसला. अगदी बेताने आत सरकवलेला. त्यावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग, आणि कुंड्यांच्या मागे इंजिन ऑइलचे चार रिकामे डबे.

"कधीपासून गळतंय?"

"अरे थोडंसंच आहे. जुनी गाडी आहे, चालायचंच," बाबा म्हणाले.

"संक्रांतीपासून," आईने स्वयंपाकघरातून सांगितलं.

म्हणजे चार महिने हा माणूस दर रविवारी डिपस्टिक बघून गुपचूप तेल ओतत होता, आणि फोनवर मला "सगळं ठीक" म्हणत होता. शेतावर जायला अठरा किलोमीटर. वाटेत तेल संपलं तर क्रँकच्या बेअरिंगा चिकटतात आणि इंजिन कायमचं बसतं. मे महिन्याच्या दुपारी, त्या रस्त्यावर, सत्तरीला आलेला माणूस एकटा. मी चिडलोच.

गाडी १९९५ ची प्रीमियर पद्मिनी, बाबांनी २००४ मध्ये अकोल्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, फियाटच. नंबर एमएच ३० चा, म्हणजे अकोल्याचा. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, एमएच ३७ त्यानंतरचा. गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी आहे म्हणा ना!

नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर होतं. शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी खाली वाकून दोन मिनिटं बॅटरी मारली आणि निदान केलं: मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, एकदा खोललं की काय काय निघेल सांगता येत नाही. "साहेब, भंगारात द्या." खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. मी जेवताना नव्या गाडीचा, ईएमआयचा विषय काढला. बाबा काही बोलले नाहीत. उठून झाडांना पाणी घालायला गेले. रात्री साडेनऊला.

त्या रात्री लाइट गेली, झोप येईना, म्हणून मोबाइलवर या गाडीची वंशावळ वाचत पडलो. आणि मंडळी, काय वंशावळ आहे!

सोलापूरचे वालचंद हिराचंद. ज्यांच्या नावाने सांगलीचं कॉलेज आहे तेच. माझे अर्धे टीममेट तिथले आहेत, पण एकालाही त्यांच्याबद्दल चार वाक्यं धड सांगता येत नाहीत. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही या देशात बनल्या पाहिजेत असा या माणसाचा हट्ट. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन १९१९ ची, बंगलोरचा विमान कारखाना १९४० चा, विशाखापट्टणमची गोदी १९४१ ची. मोटारीचा कारखाना मात्र सरकारने अडवून धरला. १९३० च्या दशकात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी (हेही पुण्यात शिकलेले इंजिनिअर, आताच्या सीओईपीचे) मोटार उद्योगाची सविस्तर योजना मांडली होती, पण इंग्रज सरकारला त्यात रस नव्हता. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना झाला. आधी क्रायस्लरबरोबर डॉज, प्लिमथ, फार्गो. मग फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. वालचंद त्याआधीच, १९५३ मध्ये गेले.

त्याच सुमारास सरकारने ठरवलं की परदेशी सुटे भाग आणून नुसते जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, हळूहळू सगळं इथेच बनवा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. प्रीमियर राहिली. १९७० च्या दशकात फियाट हे नाव जाऊन आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी आलं.

आता गंमत बघा. या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं. हाच आकडा फियाटच्या १९३७ च्या '५०८ सी' गाडीत सापडतो. दान्ते जाकोसा या तरुण इंजिनिअरच्या हाताखाली तयार झालेली गाडी, मुसोलिनीच्या इटलीतली. अधेमध्ये सुधारणा झाल्या, पण ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक तेच. आमच्या पोर्चमध्ये गळत होता तो त्या घराण्याचा शेवटचा वारस! याला लोक आळस म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, किंमतही सरकार ठरवणार (त्यावरून कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती), आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं. अशा वेळी नवं इंजिन कोण आणि कशाला बनवेल? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली तेव्हा कुठे लोकांना कळलं की गाडीखाली पुठ्ठा ठेवावा लागतोच असं काही नाही.

बरं, तेल थोपवणं ही मुळात जुनीच डोकेदुखी. फिरणारा दांडा आणि स्थिर भोक यांच्यामधून वंगण बाहेर येणारच. बैलगाडीच्या आसाला चिंध्या गुंडाळायचे, मोटारीत तेलात भिजवलेलं चामडं किंवा दोर आला. १९२९ मध्ये वाल्टर सिमर या इंजिनिअरने जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग या चामड्याच्या कंपनीत धातूच्या कड्यात बसवलेलं चामड्याचं सील केलं. पुढे तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर मिळालं आणि चामडं मागे पडलं. न फिरणाऱ्या जोडांना मात्र कॉर्कची पॅकिंग पुष्कळ वर्षं चालली. कॉर्क म्हणजे झाडाची साल. उष्णतेने वाळते, आकसते, आणि जास्त आवळली तर फाटते.

असो. दुसऱ्या दिवशी बाबांचे जुने मिस्त्री आले. वय बाबांइतकंच. त्यांनी बॅटरी वगैरे काढलीच नाही. सरळ बॉनेट उघडलं.

"गुरुजी, खालून कोनं पाह्यलं? तेल जिथं टपकते तिथून गळत नसते. टिनावरचं पानी कसं, भोक एकीकडं अन् धार भिंतीच्या कोपऱ्यात." मग माझ्याकडे वळून, "तू त कॉम्प्युटरवाला हायेस, तुले त हे समजाले पाह्यजे."

समजायलाच पाहिजे होतं. एरर जिथे छापून येते तिथे बग नसतो, हे मी ज्युनिअर पोरांना महिन्यातून दोनदा सांगतो.

डिझेल आणि ब्रशने इंजिन धुतलं. तासभर सुकू दिलं. आईचा टाल्कम पावडरचा डबा घेतला आणि सगळ्या इंजिनावर भुरभुरला (आईचा चेहरा बघण्यासारखा होता). मग रिसोड रोडला दहा किलोमीटर जाऊन आलो. बॉनेट उघडलं तर पांढऱ्या पावडरीवर एकच तपकिरी ओघळ, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून ब्लॉकवरून उतरलेला, पार गिअरबॉक्सच्या तोंडापर्यंत. चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो, म्हणून टपकायचं मागे. मागच्या सीलचा काही संबंधच नव्हता!

कव्हर काढलं. पॅकिंग पापडासारखं मोडलं. कुणीतरी कधीतरी गळती थांबावी म्हणून नट जीव खाऊन आवळले होते, त्याने पत्र्याची कड वाकली होती. मिस्त्रींनी ती लाकडी फळीवर ठेवून ठोकून सरळ केली, कॉर्कच्या शीटवर कव्हर दाबून ठसा घेतला, ब्लेडने पॅकिंग कापलं आणि नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. खर्च दोनशे रुपयांच्या आत.

मी खूश. पण दोन दिवसांनी पुन्हा ओघळ. बारीक, पण तोच कोपरा.

बाबा एकदम गप्प झाले. मिस्त्री मात्र तेल भरायचं झाकण काढून चालू इंजिनावर कागद धरून उभे राहिले. कागद फडफडून उडाला. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. त्याला बाहेर पडायला ब्रीदर पाइप असतो. पूर्वी तो पाइप सरळ रस्त्यावर उघडायचा. कॅलिफोर्नियातल्या धुरक्यामुळे तिथे १९६१ पासूनच्या नव्या गाड्यांत तो वायू परत इंजिनात जाळायला सुरुवात झाली. ते ठीक, पण आमचा पाइप आतून पार बुजला होता, तव्यावरच्या जळकटासारखा. वायूला वाट नाही, मग तो तेलाला घेऊन जिथे फट मिळेल तिथून निघणार. पॅकिंग कितीही नवं घाला.

तार आणि डिझेल घेऊन मीच तो पाइप साफ केला, दीड तास लागला. त्यानंतर कागद झाकणाच्या तोंडावर नुसता थरथरला.

नूतनीकरण झालं. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली तेव्हा पेपरात बरेच गळे काढले गेले होते. तेव्हा मी पुण्यात बसून ते फोटो शेअर केले होते, आणि घरच्या गाडीच्या तेलाची चौकशी एकदाही केली नव्हती.

आता बाबा दर रविवारी डिपस्टिकचा फोटो पाठवतात. गेल्या रविवारी आला नाही. घाबरून फोन केला तर आईने उचलला. बाबा आणि मिस्त्री गाडी घेऊन कारंज्याला गेले होते, कुणाची तरी दुसरी फियाट बघायला.