धर्म मागावर बसतो का?

धर्माची खरी पारख सोमवारी होते. पाळीचा भोंगा वाजतो तेव्हा. माणूस कोणतं काम करतो, कुणाच्या शेजारी उभं राहून करतो, त्याचा त्याला रोख पगार मिळतो की उष्टे तुकडे, एवढं पाहिलं की त्याच्या धर्मानं त्याला काय दिलं ते कळतं.

मी आंबिवलीला राहतो, भिवंडीत लूम चालवतो. बारा तासांची पाळी. माझ्या पलीकडच्या लूमवर नगरकडचा एक ख्रिस्ती कामगार आहे. त्याचा पणजा महार, माझाही महार. लूम चालू करायच्या आधी तो क्षणभर डोळे मिटून उभा राहतो. आपल्यातली काही पोरं त्याला ‘दुष्काळात पोटासाठी बाटलेला’ म्हणतात. त्या पोरांसाठी हे लिहितोय.

अमेरिकन मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली नगरला ठाण मांडून बसले. नगरमधल्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांच्या मनात पुण्यात शाळा काढायचं आलं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच नगर जिल्ह्यात खेड्यापाड्यांतले महार-मांग ख्रिस्ती होत गेले, त्यांची गोष्ट आपण वाचत नाही. ते काही एका दुष्काळात झाले नाहीत. 1876-77 च्या दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून महारवाड्यातली माणसं मिशनकडे जात होती. ती भाकरीसाठी गेली असं म्हणणाऱ्यानं आधी सांगावं, गावानं त्यांना कधी मानानं भाकरी दिली होती?

त्यांच्या हाताला तेव्हा काम कोणतं होतं? वेसकरकी, सांगावा नेणं, सरकारी माणसाचं ओझं वाहणं, मेलेलं ढोर ओढणं. मोबदल्यात बलुतं, तेही हात पसरून. अशा माणसाला पाद्रीनं सांगितलं की येशू सुताराच्या घरात वाढला, पौल तंबू शिवून पोट भरायचा, हाताच्या कामाला देवाघरी विटाळ नाही. विचार करा, आपल्या पणज्याच्या कानाला हे कसं लागलं असेल! इथल्या धर्मानं काम करणाऱ्यालाच नीच ठरवलं होतं. जेवढं काम घाण तेवढी जात खाली.

मिशन नुसतं सांगून थांबलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगरला सर डी. एम. पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा निघाली. पोरं सुतारकाम, धातूकाम शिकली. पुढं चर्चिल नावाच्या अमेरिकन मिशनरी इंजिनियरनं नगरलाच वेगानं चालणारा हातमाग तयार केला. कुणी मास्तर झालं, कुणी नर्स. तिकडं केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा माग चालवत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. प्रार्थना आणि काम एकाच आवारात. हे थोडं नाही.

आता मुंबईत या. तोच काळ, तेच सूत. गिरण्यांत आपला माणूस त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत राबायचा. विणाई खात्यात जास्त पगार, पण तिथं त्याला मज्जाव. का? तर कांडी संपली की नवीन कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा मराठा साचेवाल्यानं तोंडाला कसा लावायचा? लाल बावट्याखाली शेजारी उभे राहणारे हात धोट्यापाशी येऊन थांबत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल मागण्यांत घ्यायला पुढाऱ्यांना भाग पाडलं. नगरला मिशनच्या मागाशी महाराचं पोर बसू शकत होतं आणि मुंबईच्या गिरणीत साचा त्याला बंद होता. हा फरक हिशेबात धरलाच पाहिजे.

पण हिशेब पुरा मांडू. महाराचं वतन गावच्या दप्तरात होतं, चर्चच्या नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणून पाटलानं हाक मारायची थांबवली नाही. जात चर्चच्या दारातून आत शिरली, महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती असा भेद उरला. शिकलेला ख्रिस्ती शहरात गेला, खेड्यातला मागं राहिला. 1938 साली सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढे बाबासाहेब बोलले तेव्हा त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल आदर सांगितला, आणि हा समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उभा राहत नाही, हेही तोंडावर सुनावलं. त्यांचा मार्ग वेगळा होता. 1927 ला महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणाले, 1928 ला महार वतनाचं बिल कौन्सिलात आणलं. आधी कामाची बेडी तोडायला घेतली, मग 1956 ला धम्म दिला. आणि त्या धम्मात सम्यक आजीविका आहे. म्हणजे पोटाचा धंदासुद्धा धम्माच्या आत.

आता वादाच्या मुद्द्यावर येतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची यादी हिंदूंपुरती ठेवली. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती बाहेर. याचा अर्थ काय होतो ते मद्रासच्या सूसाईंना विचारा. रस्त्याकडेला बसणारे चांभार. सरकारनं अशा चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, त्यांना नाही, कारण ते ख्रिस्ती. 1985 ला सुप्रीम कोर्टात ते हरले. आरी तीच, चामडं तेच, रस्ता तोच. गिऱ्हाईक चप्पल पुढं करताना धर्म विचारत नव्हतं. टपरी देणाऱ्यानं विचारला.

आपल्यातले काही म्हणतात, त्यांनी धर्म बदलला, आता सवलत कशाला? अरे, हेच वाक्य 1956 नंतर आपल्या बापांना ऐकवलं होतं! दीक्षा घेतली, आता अस्पृश्य कसले? केंद्राच्या यादीत यायला आपल्याला 34 वर्षं लागली. तेच वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. वाटा कमी होईल ही भीती मला कळते, नोकऱ्याच उरल्या नाहीत तिथं ती खोटी नाही. तर मग दोघांनी मिळून वाटा वाढवून मागू. 2007 ला रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हटलं, 2022 ला बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोगावर आयोग बसतात, लूम चालतच राहतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या बैठकीत हा ठराव घ्या, आणि तो मांडताना एका ख्रिस्ती कामगाराला शेजारी बसवा. दुसरं, जयंतीचा हिशेब झाला की एक प्रश्न आपल्यालाही विचारा: कंत्राटी गटारात उतरणारा आपला भाऊ सम्यक आजीविका करतोय का? त्याला तिथं कुणी उतरवलं? उत्तर लेखी द्या. पुढच्या अंकात छापू.