सरळ रेघेत न दिसणारा ताण

भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या आसपास, उसाच्या फडांवरून घिरट्या घालणारी शिकाऊ विमानं कुणाला नवी नाहीत. बारामतीचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्याच कडबनवाडीच्या शेतात असं एक विमान कोसळलं. आत एकटी विद्यार्थिनी होती. सुदैवानं ती वाचली. अशा घटनेनंतर यंत्राची चौकशी होतेच. पण एकट्यानं उडणाऱ्या नवख्याच्या डोक्यावर किती भार असतो, तो आधीच, जमिनीवर कसा मोजायचा?

जमिनीवर शिकवणारं खोटं विमान आधी आलं, हा प्रश्न मागून. अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा कारखाना होता. तिथल्याच भात्यांवर लिंकनं १९२९ मध्ये जागच्या जागी कलणारं विमान उभं केलं. सुरुवातीला ते करमणुकीचं पाळणाघोडं म्हणूनच खपलं. १९३४ मध्ये लष्करानं हवाई टपाल हाती घेतलं, खराब हवेत वैमानिक दगावले, आणि मग लष्करानं अशी सहा यंत्रं घेतली.

झाकण लावलं की शिकणाऱ्याला फक्त काटे दिसत. शिक्षकाच्या टेबलावर एक चिमुकली चाकांची गाडी नकाशावर त्याच्या मार्गाची शाईची रेघ ओढत जाई. या साऱ्या इतिहासात मला ही रेघ फार मोलाची वाटते, कारण ती अपुरी होती. दोघा शिकणाऱ्यांची रेघ सारखीच सरळ येते. पण एकाचं डोकं निम्मं मोकळं असतं, दुसऱ्याचं काठोकाठ भरलेलं. रेडिओवर एक जादा सूचना आली की दुसरा गडबडतो.

पुढे संशोधकांनी जादा सूचनेची हीच युक्ती पद्धत म्हणून वापरली: मुख्य कामासोबत एक किरकोळ काम द्यायचं आणि तिथं किती चुका होतात ते पाहायचं. १९६६ मध्ये कानेमान आणि बीटी यांनी दाखवलं, की आकडे लक्षात ठेवताना डोळ्याची बाहुली मोठी होते आणि ते म्हणून दाखवताना पुन्हा लहान होत जाते.

तरी खरा पल्ला गाठला तो साध्या विचारपुशीनं. १९८८ मध्ये नासाच्या सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी कामाचा भार मोजणारी टीएलएक्स ही प्रश्नावली मांडली. बौद्धिक श्रम, शारीरिक श्रम, वेळेची घाई, कामगिरी, घ्यावे लागलेले कष्ट, वैताग अशा सहा बाबी. त्यांच्या १५ जोड्या पुढं करून प्रत्येक जोडीतलं काय जास्त भोवलं, हे शिकणाऱ्यालाच विचारायचं. एकाला घाई दमवते, दुसऱ्याला वैताग; म्हणून भारही ज्याचा त्याचा वेगळा. शिकणाऱ्याच्या स्वतःच्या सांगण्याला इथं मोजमापाचं स्थान मिळालं. आज ही प्रश्नावली वैद्यकीय सिम्युलेशनमध्येही वापरतात.

म्हणूनच वाटतं, सिम्युलेटरमधून उतरल्या उतरल्या, आठवण ताजी असतानाच, हा कागद भरून घ्यावा. रेघ सरळ आणि प्रश्नावलीतला भाराचा आकडा चढा असेल, तर त्या मुलाला सोलोवर सोडण्याआधी आणखी काही तास जमिनीवरच द्यावेत.