सुटा चहा

सुटा चहा : पिशवीत न भरता थेट पाण्यात उकळून किंवा मुरवून वापरण्याची चहापत्ती. कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाच्या कोवळ्या पानांपासून ती तयार होते. महाराष्ट्रात चहाचे व्यापारी पीक नाही. आसाम, दुआर्स, निलगिरी या भागांतील चहा कोलकाता (१८६१ पासून), गुवाहाटी, कुन्नूर इत्यादी ठिकाणच्या लिलावांतून व्यापाऱ्यांकडे आणि तेथून किराणा दुकानांत येतो. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीसारख्या वऱ्हाडी गावात घरी आणि टपरीवर सुटी पत्तीच वापरतात. दोऱ्याची चहापिशवी (टी-बॅग) तेथे मुख्यतः ग्रीन टी व लेमन टीपुरती आढळते. त्यामुळे पिशवी सोडून सुट्या चहाकडे वळणाऱ्याला तेथे नवे वाटते ते अखंड पान. सुटी पत्ती त्याच्या डब्यात आधीपासूनच असते.

प्रकार : बाजारातील सुटा चहा मुख्यतः दोन प्रकारचा असतो. (१) दाणेदार किंवा सीटीसी : कोमेजवलेली पाने दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून व वळवून त्यांचे बारीक दाणे करतात. यासाठीचे यंत्र १९३० च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅककर्चर यांनी तयार केले. भारतातील बहुतांश चहा याच पद्धतीने बनतो. (२) पानाचा किंवा ऑर्थोडॉक्स : पाने वळतात, हवेत तांबूस होऊ देतात आणि वाळवतात, पान पुष्कळसे अखंड राहते. दार्जिलिंगचा चहा या वर्गातला. दोन्हींत चाळणीनुसार प्रती ठरतात. सर्वांत बारीक प्रतींना फॅनिंग्ज व डस्ट म्हणतात.

चहापिशवी : मिलवॉकी येथील रॉबर्टा लॉसन व मेरी मॅक्लारेन यांनी १९०१ मध्ये कापडी चहाधारकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. न्यूयॉर्कचे व्यापारी टॉमस सलिव्हन यांनी १९०८ च्या सुमारास नमुने रेशमी पिशव्यांतून पाठवले आणि गिऱ्हाइकांनी ते तसेच पाण्यात बुडवले, अशी कथा सांगितली जाते. ब्रिटनमध्ये टेटली कंपनीने १९५३ मध्ये पिशवी बाजारात आणली. पिशवीत साधारण २ ग्रॅम चहा असतो आणि तो बहुधा फॅनिंग्ज किंवा डस्ट असतो. बारीक कणांचा पाण्याशी संपर्क जास्त, म्हणून रंग व तुरटपणा लवकर उतरतो. अखंड पानाला मात्र फुलायला जागा आणि वेळ लागतो. साहजिकच चवीतला मुख्य फरक पडतो तो कणाच्या आकाराने. पिशवी फोडून आतला चहा सुटा केला तरी तो पानाचा चहा होत नाही.

वऱ्हाडातील वापर : पाणी, साखर, पत्ती आणि दूध एकत्र उकळून केलेल्या चहाला दाणेदार पत्ती सोयीची, दूध घातल्यावरही तिचा रंग व कडकपणा टिकतो. पिशवी दुधासह उकळण्यासाठी नसते. मसाल्यात आले, सुंठ, वेलची व गवती चहा असतो. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत होणारी पानपिंपरी म्हणजे आयुर्वेदातील पिंपळी. तिची मुख्य मागणी औषधांसाठी असली, तरी काही चहामसाल्यांत पिंपळी किंवा तिचे मूळ, म्हणजे गंठोडा, घालतात.

कृती : पानाचा चहा उकळत नाहीत. कपाला सुमारे २ ग्रॅम पत्ती घेऊन काळ्या चहावर उकळते पाणी ओततात आणि झाकण ठेवून ३ ते ५ मिनिटे मुरवतात. हिरव्या चहाला ७० ते ८० अंश सेल्सिअस पाणी व २ ते ३ मिनिटे पुरतात. यासाठी वेगळी किटली लागत नाही. झाकणाचे पातेले आणि नेहमीची गाळणी चालते. चांगले पान दुसऱ्यांदाही मुरवता येते. दूध घातल्यास नाजूक सुगंध दबतो.

पारख व साठवण : वजनावर घेतलेल्या पत्तीत रंगवलेला वापरलेला चोथा मिसळलेला असू शकतो. ओल्या टिपकागदावर पत्ती पसरल्यावर लगेच रंगाचे डाग उमटले, तर भेसळीचा संशय घ्यावा. लोखंडाच्या किसाची भेसळ असल्यास तो चुंबकाला चिकटतो. चहा ओल आणि वास दोन्ही पटकन धरतो, म्हणून डबा घट्ट झाकणाचा असावा व मसाल्यांपासून दूर ठेवावा.

कचरा : कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात प्लॅस्टिकची एक पिशवी ९५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे ११६० कोटी सूक्ष्म प्लॅस्टिककण सोडते, असे आढळले. सर्वच पिशव्या प्लॅस्टिकच्या नसतात. काही कागदी पिशव्यांतही जोडणीसाठी प्लॅस्टिकचे तंतू असतात. सुट्या चहाचा चोथा थेट खतात जातो. दूध-साखरेत उकळलेला असल्यास तो आधी धुऊन घ्यावा, अन्यथा कुंडीत मुंग्या येतात.