जनुकांतील भेद आणि हृदयाचे विकार

जबलपूरचा मदन महल हा टेकडीवरील छोटेखानी किल्ला गढा-मंडल्याच्या गोंड राजवटीची खूण आहे. याच गढा परिसरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्याला वाहिलेली संस्था असून तिची स्थापना १९८४ मध्ये झाली. गोंडांसह मध्य भारतातील अनेक समाजांत आढळणारा सिकलसेल हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे. सातपुड्याच्या दक्षिणेस, विदर्भातही हा आजार परिचित आहे.

सिकलसेल हा रक्ताचा विकार म्हणून ओळखला जातो. हृदयाशी त्याचा संबंध सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व लवकर नष्ट होतात. रक्त कायम कमी असल्याने हृदयाला अधिक रक्त ढकलावे लागते आणि डावा कप्पा हळूहळू मोठा होतो. फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांचा दाब वाढल्यास उजव्या बाजूवरही ताण पडतो.

असे घातक जनुक पिढ्यानपिढ्या का टिकते? ते एकाच पालकाकडून मिळालेल्या व्यक्तीला सहसा आजार होत नाही. उलट तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. हिवतापाच्या जंगलपट्ट्यात त्यामुळे ते टिकून राहिले. दोन्ही पालक वाहक असल्यास मात्र प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

हृदयाच्या स्नायूशी थेट निगडित असा दुसरा भेद कोणत्याही एका समाजापुरता मर्यादित नाही. एमवायबीपीसी३ या जनुकातील २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असल्यास स्नायूतील एका प्रथिनाची घडण बिघडते. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रासह विविध संस्थांतील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत हा दोष आहे आणि त्यांना हृदयस्नायूच्या विकाराचा धोका जवळपास सातपट असतो. येथे हिवतापासारखे कारण शोधावे लागत नाही. लक्षणे बहुधा मध्यम वयानंतर, मुलेबाळे झाल्यावर दिसतात, म्हणून निसर्गाची चाळणी त्याला अडवत नाही. दोन्ही प्रती सदोष असल्यास विकार लवकर व उग्र रूपात येतो. मामेबहिणीशी विवाहाची प्रथा असलेल्या आपल्याकडील कुटुंबांनी याची नोंद घ्यावी.

सातपटीच्या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या वाहकांपैकी ज्यांच्यात त्याच जनुकात आणखी एक विशिष्ट बदल असतो, त्यांच्याच हृदयावर परिणाम ठळकपणे दिसतो. शिवाय हा विकार स्नायूचा आहे. रक्तवाहिनी चोंदून येणारा झटका वेगळा. त्यामागे तंबाखू, मधुमेह व रक्तदाब यांचा वाटा मोठा असतो.

सिकलसेलची प्राथमिक तपासणी बोटातील थेंबभर रक्तावर होते. स्नायूच्या विकारासाठी, घरात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला असेल किंवा हृदय मोठे झाल्याचे निदान झाले असेल, तर सख्ख्या भावंडांनी व मुलांनी इकोकार्डिओग्राम करून घेणे इष्ट ठरते.