पृथ्वीच्या आकाराविषयी मुलांच्या कल्पना

पृथ्वीच्या आकाराविषयी मुलांच्या कल्पना हा विज्ञानशिक्षण व बालमानसशास्त्र यांतील एक अभ्यासविषय आहे. पृथ्वी गोल असल्याचे प्राथमिक वर्गांत शिकवले जाते. मात्र जमीन सपाट दिसते आणि आधार नसलेली वस्तू खाली पडते, हा मुलांचा रोजचा अनुभव असतो. अनुभव आणि शाळेतील माहिती यांचा मेळ मूल आपल्या परीने घालते. त्यामुळे ‘पृथ्वी गोल आहे’ असे अचूक उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनातील पृथ्वी वेगळीच असू शकते.

संशोधन

जोसेफ नुसबॉम व जोसेफ नोव्हाक यांनी मुलाखतींच्या आधारे या विषयावर केलेला अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेला व्होस्नियाडू व विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पहिली, तिसरी व पाचवी इयत्तेतील ६० मुलांना प्रश्न विचारले होते. त्यांत पुढील मनोप्रतिमाने आढळली:

* आयताकृती सपाट पृथ्वी
* थाळीसारखी चपटी पृथ्वी
* दुहेरी पृथ्वी: राहण्याची सपाट जमीन आणि आकाशातील वेगळा गोल
* पोकळ गोल: माणसे आतील सपाट भागावर राहतात
* वरून-खालून चपटा गोल
* पूर्ण गोल

गेव्हिन नोब्स, जॉर्जिया पानायोताकी आदी संशोधकांनी या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. त्यांच्या मते मुलांजवळ सुसंगत प्रतिमाने नसून तुटक माहिती असते. चित्र काढण्याची सूचना व संदिग्ध प्रश्न यांमुळे मुले गोंधळतात.

अध्यापन

मराठीत ‘गोल’ हा शब्द भाकरीलाही लावतात आणि चेंडूलाही. त्यामुळे केवळ या शब्दावरून विद्यार्थ्याचे आकलन तपासता येत नाही. ‘पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसे का पडत नाहीत?’ किंवा ‘तेथे हातातून सोडलेला दगड कोणत्या दिशेने जाईल?’ अशा प्रश्नांतून ते अधिक स्पष्ट होते. ‘खाली’ म्हणजे पृथ्वीच्या केंद्राकडे, ही कल्पना समजल्याशिवाय गोल पृथ्वीची कल्पना पक्की होत नाही. म्हणून आकार व गुरुत्वाकर्षण एकत्र शिकवणे उपयुक्त ठरते.

महाराष्ट्रात प्राथमिक स्तरावर पृथ्वीविषयक घटक ‘परिसर अभ्यास’ या विषयात येतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास व सहकाऱ्यांनी खगोलविषयक संकल्पना शिकवताना आकृत्या, प्रतिकृती व हातवारे यांच्या उपयोगाचा अभ्यास केला आहे.

सावलीचे निरीक्षण हा शाळेच्या अंगणात करता येण्याजोगा उपक्रम आहे. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे वर्षातून दोनदा मध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यात हा दिवस कोल्हापुरात आधी व नागपुरात नंतर येतो. पृथ्वीगोलावर दोन्ही ठिकाणी लहान काड्या उभ्या करून त्यावर प्रकाश टाकल्यास हा फरक पृष्ठभागाच्या वक्रतेशी जोडून दाखवता येतो.