‘विशाखा’ समिती आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर

तुमच्या ऑफिसात किंवा कॉलेजात ‘विशाखा समिती’ अशी पाटी पाहिली असेल. मी बरीच वर्षं समजत होतो की विशाखा हे त्या खटल्यातल्या पीडित बाईचं नाव. तसं नाही. विशाखा ही राजस्थानातली एक संस्था. बाईंचं नाव भंवरीदेवी. आणि ज्या तीन न्यायमूर्तींनी १९९७ साली तो निकाल दिला, त्यांतल्या एक आपल्या मुंबई हायकोर्टातून गेलेल्या होत्या : सुजाता मनोहर. आज त्यांच्याविषयी.

पण थोडं मागे जाऊ. मुंबई हायकोर्ट सुरू झालं १८६२मध्ये. बायकांना वकिली करायची कायदेशीर मुभा मिळाली १९२३ साली. त्यानंतर मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, इथे पहिल्या महिला वकील झाल्या. त्यांना पहिली केस कशी मिळाली माहितीये? अशिलाची बाजू भक्कम होती, जिंकणार हे ठरलेलंच. त्याला फक्त समोरच्याची फजिती करायची होती, की बघा, एका बाईकडून हरला!

वकिलीचं दार उघडलं, पण न्यायाधीशाची खुर्ची लांबच होती. केरळात ॲना चंडी १९५९मध्ये हायकोर्टाच्या न्यायमूर्ती झाल्या. देशातल्या त्या पहिल्या. मुंबईला त्यानंतरही १९ वर्षं लागली. फोर्टातली हायकोर्टाची दगडी इमारत पुरी झाली १८७८ साली आणि तिथे पहिली महिला न्यायमूर्ती आली १९७८ साली. म्हणजे इमारतीची शंभरी भरली तेव्हा.

सुजाताबाईंचा जन्म १९३४चा. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेज आणि ऑक्सफर्डमध्ये, मग लंडनहून बॅरिस्टर. १९५८पासून मुंबईत वकिली. वडील के. टी. देसाई स्वतः न्यायाधीश, पुढे गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती. आता कुणी म्हणेल, घरातूनच वाट सोपी होती. बरोबर आहे. पण मला उलटंही वाटतं : एवढं सगळं पाठीशी असलेल्या बाईलाही खुर्ची मिळाली ती वीस वर्षांच्या वकिलीनंतर. मग बाकीच्यांचं काय?

काम कसं होतं, याचं एक उदाहरण. जानेवारी १९८८. दूरदर्शनवर गोविंद निहलानींची ‘तमस’ चालू होती, फाळणीवरची. दंगे भडकतील म्हणून मालिका थांबवा, अशी याचिका आली आणि स्थगितीही मिळाली. प्रकरण न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांच्यापुढे आलं. दोघांनी आधी अख्खी मालिका बसून पाहिली आणि मग दाखवायला मोकळीक दिली. पुढे सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं.

१९९४ हे त्यांचं धावपळीचं वर्ष. मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती, तिथून केरळच्या मुख्य न्यायमूर्ती, आणि नोव्हेंबरात सुप्रीम कोर्ट.

आता भंवरीदेवी. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणारी गावपातळीवरची ‘साथिन’. तिने बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला आणि १९९२मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या ठिकाणी बाईच्या सुरक्षिततेसाठी वेगळा कायदाच नव्हता. महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. निकालपत्र सरन्यायाधीश वर्मा यांनी लिहिलं. सोबत न्यायमूर्ती मनोहर आणि किरपाल. कायदा होईपर्यंत हे नियम बंधनकारक, असं कोर्टाने सांगितलं : तक्रार समिती हवी, अध्यक्ष बाई हवी, निम्म्याहून कमी बायका नकोत, बाहेरची एक त्रयस्थ व्यक्ती हवी. संसदेचा कायदा यायला २०१३ उजाडलं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. समितीत निम्म्या बायका हव्यात असं सांगणाऱ्या त्या सुप्रीम कोर्टात तेव्हा महिला न्यायमूर्ती होत्या फक्त एक, सुजाता मनोहर. ऑगस्ट १९९९मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि २०००च्या जानेवारीत रुमा पाल येईपर्यंत तिथे एकही नव्हती.

तेव्हा ऑफिसातली ती पाटी पुन्हा दिसली, तर समितीत कोण कोण आहे तेवढं जरा वाचा. भेटू पुढच्या भागात.