मन मारणे आणि मन रमविणे

मराठीत ‘मन मारणे’ असा एक शब्दप्रयोग आहे आणि ‘मन रमविणे’ असा दुसरा. नकोसा विचार डोक्यात ठाण मांडून बसला, की वडीलधारी माणसे बहुधा पहिल्याचाच उपदेश करतात: ‘तो विचारच मनात आणू नकोस.’ परंतु जुनी पाने चाळून पाहिली, तर जाणत्यांनी दुसरीच वाट धरलेली दिसते.

शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 त, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायात, मन वाऱ्यासारखे आवरत नाही, ही अर्जुनाची तक्रार आहे. अभ्यास आणि वैराग्य, हे गीतेचे उत्तर. ज्ञानदेव त्यात एक मोठी मार्मिक गोष्ट सांगतात. मनाचा हा गुण चांगलाच म्हणावयाचा, की गोडी लागली त्या ठिकाणी ते पुनःपुन्हा जाते; तेव्हा त्याला आत्मसुखाचीच चटक लावावी. खोडीलाच कामाला जुंपण्याची ही युक्ती! समर्थांनीही 205 श्लोकांत मनाला हाक मारली ती ‘सज्जन’ म्हणून. मास्तरकी करणाऱ्यास यातले मर्म चटकन कळते. ‘द्वाड’ म्हणून हाक मारलेला पोरगा द्वाडच होत जातो.

अमेरिकेत 1987 साली डॅनियल वेग्नर यांनी काही विद्यार्थ्यांना सांगितले, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. झाले! अस्वल काही डोक्यातून हलेना. आणि बंदी उठल्यावर तर ते अधिकच जोराने आले. मात्र अस्वलाऐवजी लाल फोक्सवॅगन मोटार आठवावयास ज्यांना सांगितले, त्यांचा त्रास कमी झाला.

पण प्रयोगशाळेतले अस्वल निराळे आणि खऱ्या दुःखाचे निराळे. 22 जुलै 1908 च्या रात्री मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना 52 वर्षे पूर्ण व्हावयाची होती. अंगात मधुमेह, मुक्काम ब्रह्मदेशातील मंडाले. अशा वेळी मन कुठे कुठे धावेल, याची वाचकांनीच कल्पना करावी. टिळकांनी मनाशी झोंबी घेतली नाही; त्याच्यापुढे काम टाकले. जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचा अभ्यास आरंभिला. शाई मिळत नसे, म्हणून 1910-11 च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. पाने आधीच मोजून, आकडे घालून दिलेल्या वह्यांत! पुढे 1912 च्या जूनमध्ये पुण्यास सत्यभामाबाई निवर्तल्या. ती बातमी त्यांना तुरुंगातच कळली. अशा घावाला ग्रंथ हे औषध नव्हे. तरी त्यानंतरची दोन वर्षे ते वाचीत राहिले. 1914 त ते सुटले आणि 1915 त ग्रंथ छापून निघाला.

येथे एक शंका मनात येते आणि ती टाळणे बरे नव्हे. 2006 साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे विशेष साहाय्य महाराष्ट्रातील ज्या सहा जिल्ह्यांना जाहीर झाले, त्यांत आमचा बुलढाणाही होता. कपाशी गेली, सोसायटीचे कर्ज थकले, सावकार दारात उभा, अशा माणसाचा वाईट विचार म्हणजे काही पांढरे अस्वल नव्हे. त्याला नुसते ‘मन रमव’ म्हणणे ही क्रूर थट्टाच ठरेल. आधी कर्जाची वाट लागली पाहिजे. परंतु ती लागेपर्यंतच्या रात्री काढावयाच्या असतात, आणि तेवढ्यापुरते जवळ बसणारे माणूस व हाताला काम लागतेच. विचार फारच काळे झाले, तर डॉक्टरही लागतो. त्यात लाज कसली?

मलकापूर ओलांडले की खानदेश लागतो. तिकडच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणीच वैधव्य आले. मनाला त्यांनी उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा दिली. ते हाकलले तरी परत येते, हे शेतात राबणाऱ्या बाईने पाहिलेले होते. आणि त्या काय करीत? जात्यावर, शेतात, हात चालू असताना ओव्या रचीत. 1951 त त्या गेल्या. सोपानदेवांनी जपलेले ते कागद अत्र्यांच्या हाती पडले, आणि 1952 साली त्यांचे पुस्तक झाले.